गावाचं नाव नरक, लॉज गावाच्या मालकीचं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत आंबोलीच्या पावसाळी पर्यटनावर पानभर लेख होता. धबधबा, धुकं, भाजलेलं कणीस, सगळं नेहमीप्रमाणे यथासांग. आणि त्याच पानाच्या खालच्या अर्ध्या भागात वर्षावनात स्वतःचं घर घ्या अशी एनए प्लॉटची जाहिरात. लेख कुठे संपतो आणि जाहिरात कुठे सुरू होते हे मला चष्मा लावूनसुद्धा दोनदा बघायला लागलं. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं असेल तर कापा, पण मधला हिशोबाचा भाग कापू नका एवढीच विनंती.

मी सावंतवाडीचा, नोकरीतून रिटायर व्हायच्या बेतात. माझा एक शाळेपासूनचा मित्र आहे, आंबोलीजवळच्या एका गावात त्याची खानावळ आणि भाड्याने द्यायच्या तीन खोल्या आहेत. त्याचं नाव लिहीत नाही, तो चिडेल. गेल्या वर्षी माझ्या मुलाकडे न्यू जर्सीला आम्ही दोघं गेलो होतो (मित्राच्या भाच्याचं लग्न तिथेच होतं म्हणून त्याचा पण व्हिसा झालेला) तेव्हा मुलाने आणि सुनेने आम्हाला सहा दिवसांची पेरू देशाची ट्रिप भेट दिली. अमेरिकेचा व्हिसा सहा महिन्यांच्या वर शिल्लक असला की पेरूला वेगळा व्हिसा लागत नाही, म्हणून तो घोळ वाचला. सगळे तिकडे माचूपिचू बघायला जातात. आमच्या मित्राने आधीच सांगून टाकलं की डोंगरावरचे पडके दगड बघायला आपल्याकडे गड काय कमी आहेत, मला ते अमेझॉनचं जंगल दाखवा. त्याच्या या आग्रहामागे कारण होतं, ते मला नंतर कळलं.

तर न्यूयॉर्कहून लिमा आठेक तास, लिमाहून कुस्कोला थांबून पुएर्तो माल्दोनादो. हे पेरूच्या आग्नेय कोपऱ्यातलं गाव, माद्रे दे दिओस नावाच्या विभागाची राजधानी, म्हणजे देवाची आई. आणि देवाच्या आईच्या त्या जिल्ह्यात आम्ही ज्या गावच्या लॉजवर राहायला चाललो होतो त्या गावाचं नाव इन्फिएर्नो, स्पॅनिशमध्ये नरक. नाव कसं पडलं विचारलं तर जो तो वेगळी गोष्ट सांगतो. मित्राने घरी फोन करून बायकोला सांगितलं की मी नरकात पोचलो, जेवण बरं आहे.

विमान उतरताना खिडकीतून आधी नुसतं हिरवं, हिरवं म्हणजे किती, आपल्या घाटात जास्तीत जास्त दोन डोंगर नजरेत मावतात आणि मग कुठेतरी पत्रे दिसतातच, तसलं काही नाही, आणि मग अचानक त्या हिरव्यात देवी आल्यासारखे खड्डे, गढूळ पिवळ्या पाण्याची शेकडो डबकी. ती बेकायदा सोन्याची खोदकामं. ला पाम्पा म्हणतात त्या पट्ट्याला, महामार्गाच्या कडेने पसरलेला. २०१९ च्या फेब्रुवारीत सरकारने पोलीस आणि सैन्य घालून तिथले लोक हटवले, पण खोदणं पूर्ण थांबलं नाही, पाण्यातून आणि आडबाजूंनी चालूच आहे. गाळातलं सोनं पाऱ्याला चिकटवून काढतात, मग पारा नदीत, नदीतून माशात, माशातून माणसात. मित्र बराच वेळ खिडकीला नाक लावून बघत होता. दोडामार्ग तालुक्यातली कळणेची लोहखनिजाची खाण ज्याने बघितलीय त्याला वेगळं काही सांगायला नको.

पुएर्तो माल्दोनादोतून गाडीने पाऊणएक तास, पुढे ताम्बोपाता नदीतून लांबलचक होडीने तेवढाच वेळ. या होड्यांच्या छोट्या इंजिनांना तिकडे पेके-पेके म्हणतात, कारण आवाजच तसा येतो, आपल्याकडे फटफटी म्हणतात तसं. होडीत जेवण दिलं ते पानात बांधलेलं. बिहाओचं पान, दिसायला अगदी आपल्या कर्दळीसारखं, दोऱ्याऐवजी झाडाची साल, सोडलं तर आत भात, अंडं, थोडं चिकन, वाफेने पानाचा वास भाताला लागलेला. पेरूत दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी चिनी मजूर गेले त्यांच्यामुळे असला परतलेला भात तिकडे घरोघरी, चाउफा म्हणतात. मित्राने आधी पान हुंगलं, मग भात खाल्ला, मग पान परत हुंगलं आणि म्हणाला, पातोळ्या. बस, एवढंच. जेवून झाल्यावर ते पान त्याने घडी करून खिशात ठेवलं आणि ते पँटसकट धुलाईत गेलं ती गोष्ट वेगळी.

लॉजचं नाव पोसादा अमेझोनास. नाव मुद्दाम लिहितोय कारण पुढे जे सांगायचंय ते त्याच्याबद्दलच आहे, आणि जाहिरात नाही ही, पैसे मुलाने भरलेत. लाकूड, बांबूसारखी काठी आणि पामच्या पानांचं शाकारलेलं छप्पर, तीसेक खोल्या, आणि प्रत्येक खोलीला तीनच भिंती. चौथी बाजू सताड उघडी, कठडा आणि पलीकडे जंगल. मित्राने बॅग ठेवली, कठड्याशी गेला, परत आला आणि मला म्हणाला, "मेल्या, चवथी भिंत बांधूक ह्यांचे पैसे सरले काय रे?" मच्छरदाणी चांगली जाड होती ते बघून जरा शांत झाला.

खोलीत खायचं काही ठेवू नका असं तिथे आल्या आल्या सांगतात. आम्ही मान डोलावली. मित्राच्या बॅगेत मात्र मालवणच्या खाजाची पिशवी होती, गुळातलं, आलं घातलेलं, सावंतवाडीपासून न्यू जर्सी आणि न्यू जर्सीपासून इथपर्यंत जपून आणलेलं, ते काय तो ऑफिसात जमा करतोय. रात्री दोनेकच्या सुमारास खुसफुस. मी टॉर्च मारला तर बॅगेवर घुशीएवढं एक जनावर बसलेलं, लांब तोंड, गुळगुळीत शेपटी, डोळे टॉर्चच्या उजेडात लालभडक, आणि पुढच्या दोन पायात धरून खाजाचा तुकडा करंडतंय, अगदी निवांत, आम्ही बघतोय याचं त्याला काही नाही. ओपोसम म्हणतात त्याला. एक तुकडा संपवला, हात चाटले, दुसरा उचलला. मित्र मच्छरदाणीत उठून बसला आणि ओरडला "माझा खाजा खाल्ल्यान रे मेल्यान!" तसं ते कठड्यावरून उडी मारून गेलं. सकाळी बॅगेच्या चेनजवळ मुठीएवढं भोक आणि जमिनीवर गुळाचे कण, त्याला मुंग्यांची रांग. लॉजवाल्यांना सांगायची सोयच नव्हती, चूक आमचीच.

बाकी जंगल कसं होतं ते काय सांगू, सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. पहाटे हाउलर माकडं ओरडतात ते मात्र टीव्हीवर कळत नाही, लांबून वादळ येतंय असा आवाज, मित्राला वाटलं जेसीबी. तीसेक मीटरचा एक मनोरा आहे तिथे, त्यावर चढलं की झाडांच्या शेंड्यांच्या वर आपण, आणि खाली धुकं, चढताना आमच्या गुडघ्यांनी जी बोंब मारली ती माकडांच्या वरताण. पोपट मातीच्या कड्यावर येऊन माती खातात ते बघायला पहाटे साडेचारला उठवून आडोशाला बसवलं. माती खातात कारण तिकडच्या फळापानात मीठ, म्हणजे सोडियम, कमी, समुद्र लांब, ते या मातीत मिळतं. पहिल्या दिवशी एकही पोपट आला नाही.

कारण आदल्या रात्री फ्रिआहे आला. हा प्रकार आम्हाला कुणी सांगितलाच नव्हता. जून ते ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून, पार अंटार्क्टिकाच्या बाजूने, थंड वारा घुसतो आणि आदल्या दिवशी चौतीस डिग्री असलेलं जंगल दुसऱ्या दिवशी चौदावर. आणि भुरभुर पाऊस. ट्रिप बुक करून देणाऱ्या एजंटने सांगितलेलं की जंगल आहे, उकडतं, सुती हाफ शर्ट न्या, आम्ही तेवढेच नेलेले. तीन भिंतींची खोली आणि वारा चौथीकडून. दोघांनी सगळी ब्लँकेटं अंगावर घेतली, वर लॉजचे रेनकोट, आणि टोपीच्या जागी टॉवेल बांधून जेवायला गेलो तेव्हा बाकीच्या पाहुण्यांनी फोटो काढले. पावसाकडे बघून मित्र सगळ्यांना सांगत सुटला, "ह्येका पाऊस म्हणतत? आमच्याकडे ये जुलयत." खरंही आहे म्हणा, तिकडे वर्षाला अडीचेक हजार मिलिमीटर आणि आंबोलीत सात हजाराच्या वर, फक्त आपल्याकडे तो चार महिन्यात कोसळून मोकळा होतो आणि तिकडे वर्षभर कमीजास्त चालू असतो. वर्षावन म्हणजे काय हे सांगणाऱ्या जाहिरातवाल्यांना एवढं तरी माहीत असावं.

आता मुद्द्यावर येतो. आमचा गाइड तिशीतला पोरगा, त्याच इन्फिएर्नो गावचा. गावात एसे एहा आदिवासी, नदीकाठचे जुने मिश्र लोक आणि डोंगरातून खाली आलेली कुटुंबं असे सगळे एकत्र, १९७६ ला सरकारकडून आदिवासी समुदाय म्हणून मान्यता आणि जमिनीचा हक्क मिळालेला, दहाएक हजार हेक्टर, सामाईक, कुणालाही एकट्याला विकता येत नाही. दुसऱ्या संध्याकाळी वीज जायच्या आधी त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लॉजची गोष्ट सांगितली. १९९६ साली लिमाच्या एका पर्यटन कंपनीने गावाशी करार केला. लॉज गावच्या जमिनीवर, भांडवल आणण्याचं काम कंपनीचं, बांधायला लाकूड आणि मजुरी गावची. नफ्यातले साठ टक्के गावाला, चाळीस कंपनीला. निर्णय मात्र निम्मे निम्मे. आणि करार वीस वर्षांचा. वीस वर्षांत गावच्या पोरांना स्वयंपाकापासून गाइडपर्यंत आणि गाइडपासून मॅनेजरपर्यंत शिकवायचं, आणि मुदत संपली की लॉज गावाचं. १९९८ ला लॉज सुरू झालं. मुदत कधीच उलटून गेली, तरी दोघं आजही एकत्र आहेत, पण आता गावाने ठरवलं म्हणून.

माझं लक्ष अर्धं जेवणात होतं. मित्र एकदम सावरून बसला. "हिशोब कोण ठेयता, ता विचार त्येका." विचारलं. गावाने निवडलेली कमिटी वह्या तपासते आणि वर्षाच्या शेवटी गावच्या सभेत वाचून दाखवते. मग मित्राचे प्रश्न सुटले ते तासभर. नोकर बाहेरचे किती? तोट्याच्या वर्षी काय? बोट कुणाची? पैसे घराप्रमाणे वाटतात की माणसाप्रमाणे? भांडणं होत नाहीत काय? यावर तो पोरगा खो खो हसला, म्हणाला दर सभेला. काही लोकांना लॉज नकोच होतं, काहींना वाटतं पैसे कमी येतात, त्याचा स्वतःचा एक चुलतभाऊ सोन्याच्या खोदकामावर गेला कारण तिथे महिन्याला जास्त मिळतात. सगळं गाव लॉजवर जगत नाही, शेती आहे, मासेमारी आहे, ब्राझील नट गोळा करणं आहे. पण शाळेला आणि आजारपणाला गावाच्या गल्ल्यात पैसे असतात. मी हे भाषांतर करून सांगत होतो आणि मित्र बिलाच्या मागच्या बाजूला आकडे लिहीत होता, मेणबत्ती लावून, कारण तोवर वीज गेलेली.

खोलीत आल्यावर त्याने मला सांगितलं. त्याच्या घरामागची दीड एकर, जिथून ओहोळ जातो ती, बाहेरच्या एका पार्टीला द्यायचं त्याचं जवळजवळ ठरलं होतं. बयाणा घेतलेला. पार्टीने रिसॉर्टचं चित्रसुद्धा दाखवलेलं, काचेच्या खोल्या, वर झाडाचे फांदे. त्याला तिथे 'लोकल मॅनेजर' म्हणून ठेवणार होते. अमेझॉनचं जंगल बघायचा हट्ट त्यासाठी होता, वर्षावनातला रिसॉर्ट खरंच चालतो का ते डोळ्यांनी बघायला. अंधारात बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "ह्येंनी मुदत घातल्यानी, बघ." मला आधी कळलंच नाही कसली मुदत. वीस वर्षं, म्हणाला. आपण देतो ते कायमचं देतो.

हेच मला तुमच्या वाचकांपुढे ठेवायचंय. आपल्याकडे जंगलाच्या कडेला पर्यटन येतं म्हणजे काय होतं, तर सातबारा बदलतो. ज्याची जमीन होती तो गेटवर शिट्टी घेऊन उभा राहतो, त्याची बायको बेडशीट धुते, आणि आपण लेखात लिहितो की स्थानिकांना रोजगार मिळाला. मिळालाच की. पण नफा वाटायच्या टेबलावर तो कुठे बसलाय? भाडेपट्टा करा, मुदत घाला, भाग ठरवा, असलं काही कुणी त्याला सुचवत नाही, तलाठी नाही, एजंट तर नाहीच, आणि माफ करा पण पेपर पण नाही. आंबोली, गेळे, चौकुळ या गावांचा कबुलायतदार गावकर जमिनीचा प्रश्न तर तुम्हीच किती वर्षं छापताय, संस्थानच्या काळापासून गावाने सामाईक राखलेली जमीन, १९९९ ला सातबाऱ्यावर महाराष्ट्र शासन लागलं आणि तेव्हापासून मोर्चे, बैठका, समित्या. सामाईक जमीन ही आपल्याकडे भानगड समजली जाते. तिकडे तीच सामाईक जमीन होती म्हणून कंपनीला एकेका घराला वेगळं गाठून विकत घेता आलं नाही, सगळ्या गावाशी बोलायलाच लागलं. हे मित्राने काढलेलं अनुमान आहे, माझं नाही, त्याला श्रेय देतो.

कुणी म्हणेल पेरूचं आपल्याकडे कसं चालेल. मेंढा-लेखा पेरूत नाही, गडचिरोलीत आहे. २००९ ला त्या गावाला अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून गाव आपला बांबू आपण विकतं. वेळास तर आपल्या कोकणातलं, मंडणगड तालुक्यातलं, २००२ ला तिथे कासवांची अंडी वाचवायचं काम सुरू झालं आणि आज पिल्लं बघायला येणारे लोक गावातल्या घरात राहतात, गावातलं जेवतात, पैसे त्या घराच्या डब्यात जातात. तिथे काचेची खोली कुणी मागत नाही. उकडीचे मोदक मागतात.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि आम्हाला त्रेस चिम्बादास नावाच्या तळ्यावर नेलं. नदीने प्रवाह बदलला की मागे जे वळण सुटतं त्याचं हे तळं. तिथे राक्षसी पाणमांजरांचं कुटुंब आहे, एकेक पावणेदोन मीटरपर्यंत लांब होतं, म्हणजे माझ्याहून उंच. तळ्याचा एक भाग होड्यांना बंद. दोरी नाही, पाटी नाही, पहारेकरी नाही. एक ठरावीक झाड आलं की वल्हवणारा थांबतो. आमच्याबरोबरच्या एका बाईंनी थोडं पुढे न्या म्हणून सांगितलं, टिप देते म्हणाल्या, तर तो नुसता हसला आणि वल्हं आडवं मांडीवर ठेवलं. पाणमांजरं लांबच राहिली, पाचसहा डोकी वर आली, एकाने मासा धरून करकर खाल्ला, आवाज पाण्यावरून ऐकू येत होता. आंबोलीच्या मुख्य धबधब्याखाली शनिवारी काय चालतं ते मी लिहीत नाही, तुम्ही दरवर्षी फोटो छापता. फक्त विचारतो की तिथे वल्हं मांडीवर ठेवायचा अधिकार कुणाला आहे?

परतताना गाइडने गावात त्याच्या घरी नेलं. अंगणात एक झाड बघून मित्र थबकला आणि ओरडला, "अरे मेल्या, ही आपली काजी!" काजीच होती, बोंडं नव्हती पण पान चुरगळून वास घेतला की संपलं. गाइडला हे झाड भारतात असतं याचं नवल आणि मित्राला हे झाड मूळचं भारतातलं नाही याचं त्याहून मोठं. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून गोव्यात आणलं आणि तिथून ते कोकणात आलं हे मी शाळेत शिकवल्यासारखं सांगितलं, तर म्हणाला मग आमची वाडी यांच्याकडून आली म्हणायची. पेरूचं झाड पण होतं. पेरूत पेरू, हा विनोद त्याने न्यू जर्सीत नऊ लोकांना सांगितला.

वाटेत एका झाडाला जुने तिरके घाव दिसले. रबराचं झाड. सव्वाशे वर्षांपूर्वी रबराच्या भावाने या भागात जे आलं ते सांगताना गाइडचा आवाज बदलला, आदिवासींना पकडून कामाला जुंपायचे, पळाले तर मारायचे, कितीतरी गावं आत जंगलात पळून गेली. मग इंग्रजांनी १८७६ मध्ये ब्राझीलमधून रबराच्या बिया लंडनला नेल्या, तिथून रोपं सिलोनला आणि मलायात, आणि तिकडची लागवड भरात आल्यावर इथला भाव कोसळला. तेच रबर केरळातून वर येत येत आमच्या दोडामार्गात पोचलं, घनदाट रान तोडून लावलेल्या रांगा आम्ही दोघांनी बघितल्यात. त्या घावावरून मित्राने बोट फिरवलं, चिकटतंय का बघितलं. सुकलेलं होतं.

ब्राझील नटचं मात्र उलटं. ते पन्नास मीटर उंच झाड रांगेत लावून बाग करू म्हटलं तर नीट फळत नाही, कारण त्याच्या फुलाचं काम करणाऱ्या मधमाश्यांना भोवती जंगल लागतं. नारळासारखं टणक फळ खाली पडतं, ते जंगलात जवळजवळ फक्त आगूती नावाचा सशाएवढा उंदीर फोडू शकतो, काही बिया खातो, काही पुरतो आणि विसरतो. जंगल उभं असेल तरच पैसा. गाइडच्या आईने कोयत्याने एक फोडून दिलं, मधे वीसेक बिया, संत्र्याच्या फोडीसारख्या घट्ट बसवलेल्या. मित्राने तिला आपल्या काजूचा भाव सांगितला, तिने आपल्या नटचा, दोघांनी मिळून दलालांना शिव्या घातल्या असाव्यात, कारण मधे मी भाषांतर करत नव्हतो तरी दोघं बोलत होते.

परत आल्यावर मित्राने त्या पार्टीला फोन केला. विकत नाही, वीस वर्षांच्या भाड्याने देतो, नफ्यात भाग द्या, वहीवर मी आणि गावचे दोघं सही करणार, ओहोळाच्या वरच्या अंगाला बांधकाम नाही, आणि हवं तर बयाणा परत घ्या. पार्टी आधी हसली, मग म्हणाली वकिलाशी बोलून सांगतो. घरात यावरून भांडण झालंय, पोरगा म्हणतो बाबा पेरूला जाऊन बिघडले, आलेले पैसे कुणी सोडतं काय. पोराचंही अगदी चूक नाही, त्याला गोव्यात फ्लॅट घ्यायचाय. खानावळीच्या गल्ल्याखाली बयाण्याचं पाकीट तसंच ठेवलंय, मी गेलो की दाखवतो. पावसाळा लागला, ओहोळ भरून वाहतोय, परवा पाणी पायरीपर्यंत आलेलं. पार्टीचा फोन अजून आलेला नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सावंतवाडी

ता.क. पेरूला जायचं कुणाच्या मनात असेल तर पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्या, आणि साठीच्या पुढचे असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. आमचा एजंट म्हणालेला गरज नाही. सूनबाईंनी ऐकलं नाही आणि इथून निघायच्या आधीच मुंबईला जाऊन ती घ्यायला लावली. लिमाहून न्यू जर्सी, तिथे दोन दिवस, आणि मग मुंबई, तर मुंबईच्या विमानतळावर पिवळं कार्ड मागितलंच, नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. माझं पाकिटात होतं. मित्राचं त्या कुरतडलेल्या बॅगेत, कोपऱ्यावर गुळाचा डाग आणि एका कडेला दातांच्या खुणा. तपासणाऱ्या बाईंनी हे काय म्हणून विचारलं, त्याने सगळी गोष्ट सांगितली, मालवणीत, रांग मागे खोळंबलेली.